दगडावरचं पत्र

सन १८९५, फाल्गुन महिना. पेणला आमच्या मागल्या अंगणात मी पोह्यांचे पापड लाटत होते आणि सासूबाई ते खाटेवर पसरत होत्या, तेवढ्यात पुढल्या दारी बैलगाडी थांबली. मी पदर सारखा करून पुढे गेले. गाडीतून एक प्रौढ बाई उतरल्या होत्या आणि मागून एका मुलीला हात देऊन उतरवीत होत्या. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. उतरताना तिनं एक हात ओटीपोटाशी दाबून धरला होता. असा हात धरून चालणारं माणूस आमच्या घरातून नुकतंच गेलं होतं.

"मथुराबाई चौबळांचं घर हेच ना?" त्या बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. घर त्यांचंच होतं.

बाईंनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का त्या? बघ गं सुभद्रे, मी म्हटलं नव्हतं? कशी तरतरीत आहेत बघ. यांना बघून कुणी म्हणेल का, दोन वर्षं अंथरुणात होत्या म्हणून?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या आशेनं माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

मथुराबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणत असे. भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या गेल्या होत्या.

मी तोंड उघडणार तोच मागून सासूबाई आल्या. हाताला पापडाचं पीठ तसंच होतं. "ही माझी धाकटी सून," त्या म्हणाल्या. "थोरली गेली. सहा महिने झाले."

"अगं बाई," म्हणत पाहुण्या बाई ओटीच्या पायरीवर बसल्याच. "पण आम्ही तर… कशानं हो?"

"तापानं," सासूबाई म्हणाल्या.

मी सासूबाईंकडे पाहिलं. वहिनीला ताप आला नव्हता. पोटातल्या गोळ्यानं त्या वाळत वाळत गेल्या होत्या आणि शेवटचे आठ दिवस त्यांचं ओरडणं समोरच्या आळीपर्यंत ऐकू जात होतं. पण आमच्या मोठ्या भाऊजींचं दुसरं लग्न नागोठण्याला ठरत आलं होतं. मुलीकडच्यांना 'ताप' असंच कळवलं होतं, कारण बायकांचं असलं दुखणं ज्या घरात असतं तिथं लोक मुलगी देताना दहादा विचार करतात. आणि या बाई, सुभद्रेच्या आई, येसूबाई त्यांचं नाव, नागोठण्याहूनच आल्या होत्या.

"मग पोटाचं दुखणं?" येसूबाईंनी विचारलं.

"ते बरं झालं होतं."

"औषधानं?"

सासूबाईंनी हातावरचं पीठ चोळून काढलं. "हो. औषधानंच म्हणायचं."

येसूबाईंचा जीव भांड्यात पडला. "ऐकलंस ना, सुभद्रे? तापापुढं कुणाचा इलाज आहे? औषधाला गुण आहे, एवढं कळलं म्हणजे पुरे." त्यांनी कनवटीतून घडी केलेला कागद काढून माझ्या हाती दिला. "हे वाचूनच आलो बघा. आमच्या गावात ज्याच्या त्याच्या घरी आहे. बाटलीवर गुंडाळलेला असतो."

मुंबईच्या डॉक्टर टी. के. धारण्यांच्या 'सौभाग्यसुधे'चा तो कागद होता. वरच्या बाजूला डॉक्टरांचं पगडीतलं चित्र, नावापुढं इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ, आणि त्याखाली 'खुद्द बाईंच्या हस्ताक्षराचा हुबेहूब छाप' असं म्हणून एक पत्र. त्या काळी पुरुषांची पत्रं मोडीत असत. हे मात्र बालबोध होतं, वळणदार, ओळीला ओळ समांतर. माथ्यावरच्या श्रीला पाकळ्या काढल्या होत्या आणि तळाशी एक वेल होती.

'आपली सौभाग्यसुधा तीन बाटल्या घेतली. दोन वर्षांचे पोटातले दुखणे राहिले. रात्री झोप येऊ लागली. अन्नावर वासना झाली. परमेश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो.' खाली मथुराबाई चौबळ, मुक्काम पेण.

"अक्षर किती सुरेख," येसूबाई म्हणाल्या. "अशी शिकलेली बाई काय खोटं लिहील?"

मी कागदाची घडी केली आणि परत दिली. पाय धुवायला पाणी द्यायला गेले तेव्हा सुभद्रा एकटीच विहिरीशी होती. ती हळूच म्हणाली, "मी दोन बाटल्या संपवल्या. झोप येते, पण मग… त्यांना खरंच बरं वाटलं होतं का हो?"

"थांबा हं, पंचा आणते," असं म्हणून मी आत गेले. पंचा आणायला इतका वेळ लावला की येसूबाईंनी तिला हाक मारली. गाडी गेली तरी मी माजघरातच होते.

त्या दिवशी मी सतरा वर्षांची होते. आज मला ऐंशीवं लागायला आलं आहे, पण त्या पंचाची आठवण आली की अजून मान वर होत नाही.

संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. हे पेणच्या शाळेत मास्तर होते. स्वभावानं भित्रे, पण सरळ. "इकडून एक पत्र लिहावं," मी म्हणाले. "वहिनी गेल्या, त्यांचं नाव काढून टाका, एवढंच."

यांनी दाराकडं बघितलं. "आईला कळलं तर?"

"पत्र मुंबईला जाणार आहे. आई माजघरात आहेत."

यांनी लिहिलं. चांगलं दोन बंद कागद भरून, मोडीत, कडक शब्दांत. बारा दिवसांनी टपालानं एक लाकडी खोकं आलं. त्यात सौभाग्यसुधेची एक बाटली आणि एक छापील कार्ड. 'आपले अनुभवाचे पत्र पोचले. आभारी आहोत. सोबत एक बाटली भेटीदाखल धाडली आहे.'

हे कितीतरी वेळ त्या बाटलीकडे बघत राहिले. "वाचलंच नाही त्यांनी."

"आणि वाचलं असतं तर?"

"तर दोन धाडल्या असत्या," हे म्हणाले.

बाटलीवर तोच कागद गुंडाळलेला होता.

चैत्रात आमच्या मोठ्या वन्संच्या, म्हणजे बकुळावन्संच्या, मुलाची मुंज होती. वन्सं मुंबईला गिरगावात राहत. मुंजीच्या आधी त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, तेव्हा हाताशी कुणी असावं म्हणून मला पंधरा दिवस अगोदर धाडायचं ठरलं. धरमतरला बोटीत बसवताना सासूबाई म्हणाल्या, "काम कर, खा-पी, आणि तोंड मिटून परत ये."

तोंड मी दोन दिवस मिटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी हरभरे निवडताना वन्सं सहज म्हणाल्या, "वहिनीला हे हरभरे फार आवडायचे. मेला ताप कुठून आला कोण जाणे."

मी सूप खाली ठेवलं. "तुम्हालाही तापच सांगितला?"

वन्संच्या आणि वहिनीच्या वयात वर्षाचंसुद्धा अंतर नव्हतं. माहेरी आल्या की दोघी एका पांघरुणात झोपायच्या. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता वन्संनी हातातले हरभरे एकेक करून परत सुपात टाकले. मग उठून लुगडं बदलून आल्या.

"चल."

"कुठं?"

"काळबादेवीला. मला तो माणूस बघायचाय."

घोडागाडीत त्या एकदाच बोलल्या. "आईनं मला खोटं सांगितलं ते मी आईशी बघीन. आज याचं."

दुकान मोठं झोकदार होतं. दर्शनी कपाटात तीन उंच काचेच्या बरण्यांत तांबडं, हिरवं आणि निळं पाणी. आत बायकांना बसायला वेगळं बाक. आणि चारी भिंतींवर चौकटीत बसवलेली पत्रं, देव्हाऱ्यातल्या तसबिरींसारखी. मला शोधावं लागलं नाही. गल्ल्याच्या बरोबर मागे, सगळ्यांत मोठ्या चौकटीत वहिनीचं पत्र होतं. छापलेलं नव्हे, मूळचं. उजव्या कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा डागसुद्धा होता.

डॉक्टर स्वतः पुढे आले. चाळिशीचे, काळा कोट, घड्याळाची साखळी, आवाज साखरेत घोळलेला. "बसा, ताई. संकोच करू नका. इथं सगळ्या आपल्याच भगिनी येतात. तुमच्यासाठी की यांच्यासाठी?"

"दोघींनाही काही झालेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "ते पत्र कुणाचं हो?"

"ते?" डॉक्टरांनी अभिमानानं वळून पाहिलं. बाकावर तीन-चार बायका होत्या, त्यांनाही ऐकू जाईल असा आवाज त्यांनी लावला. "पेणच्या मथुराबाई चौबळ. वैद्य झाले, हकीम झाले, सगळ्यांनी हात टेकले होते. आपल्या तीन बाटल्यांत उठून बसल्या. स्वतःच्या हातानं लिहिलंय बाईंनी. बालबोध बघा."

"आता कशा आहेत?" मी विचारलं.

"खणखणीत. परवाच पत्र आलं त्यांचं."

"काय लिहितात?"

"मुलगा झाला म्हणून लिहितात. पेढे धाडायचं म्हणत होत्या." बाकावरची एक म्हातारी दोन बाटल्या मांडीवर घेऊन बसली होती. ती हे ऐकून हसली आणि बाटल्यांवरून तिनं हात फिरवला.

मला वाटलं होतं, आपण रडू. पण तो पेढ्यांबद्दल बोलला आणि माझं रडू आटून गेलं.

"दौत-टाक मिळेल का?" मी म्हणाले.

"अवश्य. पत्ता लिहून ठेवा, घरपोच बाटल्या येतील." त्यांनी कागदही पुढे सरकवला.

मी गल्ल्याशी उभ्यानंच लिहायला लागले. आधी श्री, त्याला पाच पाकळ्या. मग पहिली ओळ, मग दुसरी. वर बघायची मला गरज नव्हती. डॉक्टर आधी कौतुकानं बघत होते. तिसऱ्या ओळीला त्यांचं हसू थांबलं. पाचव्या ओळीला बाकावरची म्हातारी उठून माझ्या खांद्याशी आली. तिला वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. तिनं भिंतीवर बघितलं, कागदावर बघितलं, पुन्हा भिंतीवर बघितलं.

"एकाच हातचं आहे हे," ती म्हणाली.

"ते पत्र मी लिहिलं आहे," मी म्हणाले. "माझ्या जाऊबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. ज्येष्ठात लिहिलं. भाद्रपदात त्या गेल्या. तुमची तेरावी बाटली उशाशी होती."

डॉक्टरांनी कोट सारखा केला. "हे पहा, अक्षराची नक्कल कुणीही करतं. आमच्या धंद्यावर जळणारे कमी नाहीत. कुणी धाडलं तुम्हाला?"

"नक्कल असेल बाई," वन्सं म्हणाल्या. "आमची अन्नपूर्णा आहेच लबाड. मग असं करा, परवा आलेलं मथुराबाईंचं पत्र आणा. पेढ्यांचं. तिन्ही पत्रं शेजारी मांडू आणि या आजीच सांगतील कुठलं खरं."

"ते… ते घरी आहे."

"घर कुठं? आम्हाला वेळ आहे. गाडी उभी आहे."

डॉक्टरांनी घाम पुसला. मग आवाज अगदी उतरवून मला म्हणाले, "ताई, आत या ना. बसून बोलू. तुमच्यासारख्या सुशिक्षित बाईची आम्हाला फार जरूर आहे. बायकांची पत्रं यायची, उत्तरं द्यायची…"

"एक पत्र दिलं तेवढं बस झालं," मी म्हणाले. "ते काढा भिंतीवरून."

म्हातारीनं आपल्या दोन्ही बाटल्या गल्ल्यावर ठेवल्या. जोरानं नव्हे, काच फुटू नये अशा बेतानं. दुसऱ्या बाईनंही तसंच केलं. ते बघितल्यावर डॉक्टरांनी स्टूल ओढलं, स्वतः चौकट उतरवली आणि माझ्या हातात दिली. देताना ओठांतल्या ओठांत म्हणाले, "न्या. खुशाल न्या. दगडावर आहे तोवर मला कागदाची काय गरज?"

घोडागाडीत बसल्यावर मी पेणहून बरोबर आणलेला बाटलीवरचा कागद काढून वन्संना दाखवला. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, छापणाऱ्याचं नाव होतं. सरकारी कायद्यानं ते घालावं लागे. उस्ताद दाऊद, शिळाछाप, आणि गल्लीचं नाव.

"लांब नाही," वन्सं म्हणाल्या आणि गाडीवाल्याला तिकडं वळायला सांगितलं.

शिळाछाप म्हणजे दगडावरून छापायचा छापखाना. तिथं शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे नसत. गुळगुळीत पिवळसर दगडावर चरबीच्या शाईनं मजकूर उठवायचा, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. शाई ओल्या दगडाला लागत नाही, अक्षराला तेवढी लागते. हे मला तिथं उभं राहून कळलं. उस्ताद दाऊद मुरूडचे, पांढऱ्या दाढीचे, कोपरापर्यंत काळे हात. दोन बायका दारात बघून ते आधी गोंधळले. मी चौकट पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली.

"हे तर माझं पत्र," ते म्हणाले.

"तुमचं?"

"डॉक्टरनं आणून दिलं तेव्हा मीच कागद ठेवून रेघ न् रेघ उतरवली, बाय. तीन दिवस. सालभर होत आलं, रोज या अक्षरावर रूळ फिरवतो. माझ्या बायकोचा चेहरा मी इतका बघितला नसेल. लिहिणारी बाय बरी आहे ना?"

"लिहिणारी मी," मी सांगितलं. "ज्यांचं नाव खाली आहे, त्या गेल्या. तुम्ही रूळ फिरवायला लागलात त्यानंतर थोड्याच दिवसांत."

उस्ताद आत गेले, आम्हाला यायची खूण केली. भिंतीशी दगड उभे लावून ठेवले होते. त्यांतला एक त्यांनी दोन्ही हातांनी उचलून मेजावर ठेवला. पत्र उलटं होतं, आरशातल्यासारखं, पण माझ्या पाकळ्या मी ओळखल्या.

"डॉक्टर मला सांगायचा, ती बाय दुकानात येते. आठवड्याला येते," उस्ताद म्हणाले. "मेल्या माणसाचं नाव दगडावर घालतात, बाय. पण कबरीवर. छापखान्यात नाही."

त्यांनी दगडावर मूठभर वाळू टाकली, पाणी ओतलं, वर दुसरा दगड पालथा ठेवला आणि गोल गोल घासायला लागले. मला वाटलं होतं, एका फटक्यात पुसलं जाईल. तसं नव्हतं. आधी नाव गेलं, मग मधल्या ओळी पुसट झाल्या. श्री बराच वेळ राहिला. वन्संनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मला द्या." उस्तादांनी दिला. वन्सं घासता घासता रडल्या, आणि हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही अशा थाटात रडल्या.

दगड कोरा झाला. उस्तादांनी तो धुऊन, पुसून उभा केला. "आता यावर काही तरी येणारच," ते म्हणाले. "रिकामा दगड इथं राहत नाही. उद्या पंचांगाचं काम आहे. आज मात्र रिकामा आहे." त्यांनी एक पिवळा, खळ लावलेला कागद, ज्यावर लिहिलेलं दाबलं की दगडावर उतरतं, आणि चरबीची शाई माझ्यापुढं ठेवली आणि आपण काहीच म्हटलं नाही अशा चेहऱ्यानं दुसरीकडं बघू लागले.

मी बसले. पुन्हा श्री काढला, त्याच पाकळ्यांचा, म्हणजे ज्यांनी पहिला कागद बघितला असेल त्यांना हात ओळखू यावा. मग लिहिलं की पेणच्या मथुराबाईंच्या नावानं जे पत्र घरोघर गेलं, ते लिहिणारी मी. सौभाग्यसुधेच्या तेरा बाटल्या घेऊन मथुराबाई भाद्रपदात वारल्या. ताप आला नव्हता. ज्या बहिणीच्या पोटात दुखतं तिनं बाटली ठेवून द्यावी आणि मुंबईला बायकांच्या इस्पितळात बायका डॉक्टर आहेत, त्यांना जाऊन दाखवावं. खाली माझं नाव घातलं, अन्नपूर्णा चौबळ.

उस्ताद वाकून बघत होते. "खाली जागा उरली, बाय. तिथं पहिल्या पत्राला वेल होती. घालता का वेल?"

त्या वेलीबद्दल मी तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या ज्येष्ठात वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांना खरंच बरं वाटत होतं. डोळे जड होते, पण चेहरा हसरा होता. अनुभवाचं पत्र धाडणाराला औषध भेट मिळतं असं बाटलीवर होतं, म्हणून त्या मला सांगत होत्या आणि मी लिहीत होते. दुखणं राहिलं, झोप येते, वासना झाली. शाळा सुटल्यावर प्रथमच मला इतकं लांब काही लिहायला मिळालं होतं. मी जीव ओतून लिहिलं. सगळं झाल्यावर वहिनी थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि असं लिही. औषध उतरलं की पहिल्यापेक्षा जास्त दुखतं. त्याला काय करावं ते कळवा."

कागदावर जेमतेम दोन बोटं जागा उरली होती. तिथं मला वेल काढायची होती. आमच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलेली, पानांची, टोकाला कळी असलेली. "लिहिलं गं?" वहिनीनं विचारलं. मी "हो" म्हणाले आणि वेल काढली. वहिनीनं कागद हातात घेऊन बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं. "किती सुंदर दिसतंय," त्या म्हणाल्या. पुढं दोन महिने त्या टपालवाल्याला विचारीत राहिल्या, डॉक्टरांचं उत्तर आलं का म्हणून.

"वेल नको," मी उस्तादांना म्हणाले, आणि त्या जागेत ती ओळ लिहिली, वहिनीच्या शब्दांत जशीच्या तशी.

चौथ्या दिवशी वन्संकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. दीडशे बायका आल्या असतील. कैरीची डाळ, पन्हं, आणि ओटीला भिजवलेले हरभरे. हरभरे उस्तादांनी छापून दिलेल्या त्या कागदांत बांधून दिले. ओल्या हरभऱ्यांनी अक्षर जाईल म्हणून मी घाबरत होते, पण उस्तादांनी आधीच सांगितलं होतं, ही शाई पाण्यानं जाणारी नाही. एकेक बाई घरी जाऊन पुडी सोडणार आणि वाचता येणारी न येणारीला वाचून दाखवणार. डॉक्टरांची जाहिरात वर्तमानपत्रातून फिरत होती. आमची हरभऱ्यातून निघाली.

एक कागद मी त्याच दिवशी नागोठण्याला टपालानं धाडला. सोबत येसूबाईंना चार ओळी, की मी पंचा आणायला गेले ती मुद्दाम गेले. तो कागद पेटीत टाकला म्हणजे भाऊजींचं ठरलेलं लग्न मोडणार हे मला माहीत होतं.

ते मोडलं. भाऊजी वर्षभरानं रोह्याच्या एका मुलीशी लग्न करून मोकळे झाले, आणि त्या वेळी मुलीकडच्यांना पहिली बायको कशानं गेली ते त्यांनी स्वतः सांगितलं. सासूबाई माझ्याशी दहा महिने बोलल्या नाहीत. माझ्या हातचं जेवत, पण मीठ मागायचं तर यांच्याकडे मागत. म्हातारपणी दुखण्यात पडल्या तेव्हा कुणीही बाटली आणली की त्या तोंड फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आधी हिला वाचू दे." एवढीच त्यांनी माझी माफी मागितली किंवा मला माफ केलं, कोणतं ते मला कधी कळलं नाही.

डॉक्टर धारण्यांचं काही वाकडं झालं नाही. पावसाळ्यापूर्वीच सौभाग्यसुधेला नवं नाव मिळालं आणि कागदावर दुसऱ्या कुठल्या बाईचं पत्र आलं, मोडीत. पुढल्या वर्षी मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी प्लेगवर थेंब काढले. गिरगावात त्यांची तीन मजली इमारत झाली, ती मी पाहिली आहे. त्याच प्लेगात उस्ताद दाऊद गेले. त्यांच्या मुलानं छापखाना मुरूडला नेला. तो दगडही बरोबर गेला असं म्हणतात.

बकुळावन्सं खूप जगल्या. कुणीही 'तापानं गेली' म्हटलं की शेवटपर्यंत विचारीत, "नक्की तापानं?" पुष्कळ लोकांना त्यांचा राग येई. हे पुढं मुख्याध्यापक झाले आणि त्यांची सरकारी पत्रंसुद्धा मला वाचून दाखवल्याशिवाय पाकिटात जात नसत.

सुभद्रेला येसूबाईंनी वैशाखात मुंबईला नेलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटातून नारळाएवढा गोळा काढला. तिला मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी बायको केली, आणि ती माहेरी येऊन राहिली, साठीच्या पुढं जगली. दर फाल्गुनात तिचं पत्र यायचं. आधी दुसऱ्याच्या हातचं, आणि सहाव्या वर्षापासून तिच्या स्वतःच्या. अक्षर वाकडंतिकडं, ओळी उतरत्या, आणि कागद समासापर्यंत भरलेला.

चौकट माझ्या ट्रंकेत आहे. काच गेली, हळदीचा डाग आहे.

आमच्या आळीतल्या बायका अजून माझ्याकडून पत्रं लिहून घेतात. सांगून झालं, टाक खाली ठेवला, तरी मी लगेच घडी घालत नाही. "आणखी काही?" म्हणून विचारते. मग त्या जरा थांबतात आणि बहुधा त्यानंतरच खरं काय ते सांगतात. कागद पुरला नाही तर दुसरा जोडते. वेल मी पुन्हा कधी काढली नाही.